बाहीचं माप

त्याचा चेहरा मी नंतर पाहिला. आधी दिसला तो दुकानातल्या कपडे बदलायच्या पडद्याआडून बाहेर आलेला हात... आणि त्या हातात सायकलच्या चेनमध्ये अडकून फाटलेली पँट.

"जरा लवकर होईल का?" पडदा म्हणाला. "क्लास आहे माझा."

"बसून घ्या. वेळ लागेल."

"बसतो की! असा कुठे पळून जाणार आहे मी?"

मशीनवर खाली मान घालून आई खुदकन हसली. आमचं शिलाईचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापणं-शिवणं आईचं, मापं, काज-बटणं आणि हातशिलाई माझी. मी तेव्हा सोळाची होते. तो माझ्याहून वर्षभराने मोठा.

त्यानंतर दर आठवड्याला त्याच्या शर्टाचं एक तरी बटण तुटायला लागलं.

"तुझी बटणं उंदीर कुरतडतात का रे?" आईने एकदा विचारलंच.

"दोराच कच्चा हो, काकू."

"दोरा आमचाच आहे. मागच्या आठवड्यातला."

तो कानापर्यंत लाल झाला. मला मात्र सुई टोचली... आणि दुखलंच नाही.

मग वाचनालयाच्या पायऱ्यांवर संध्याकाळचा अर्धा तास आमचा झाला. तो मला 'टेलरबाई' म्हणायचा. पुस्तक एकच, दोघांच्या मध्ये उघडलेलं. पान उलटायची घाई कुणालाच नसायची.

वर्षभराने त्याची निवड झाली. जहाजावरचं काम शिकवणारी संस्था, दूर, समुद्राकाठी. तीन वर्षं. गणवेशाचा कोट अर्थातच आमच्याकडे आला.

बाहीचं माप घेताना कोपर जरासं वाकवायला सांगायचं, नाहीतर हात वाकवला की बाही आखूड पडते, हा आईने शिकवलेला पहिला धडा. पण त्या दिवशी टेप त्याच्या खांद्यावर ठेवली आणि...

"श्वास घे ना," मी म्हटलं.

"आधी तू घे."

कोपराचं राहूनच गेलं. सरळ लोंबत्या हाताचं माप मी वहीत लिहिलं.

निघायच्या दिवशी दुपारी त्याने कोट चढवला. आई दुकानासाठी बटणं आणायला बाजारात गेली होती. त्याने आरशासमोर ऐटीत सलाम ठोकला आणि बाही सर्रकन मनगटाच्या वर गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र हसायलाच लागला.

"झकास! पहिल्याच दिवशी गणवेश तपासतात तिथे. असा गेलो तर परत पाठवतील."

"थट्टा नको करूस. आत दोन बोटं कापड आहे. सोडते मी. काढ कोट."

त्याने काढला नाही. हसूही विरलं.

"राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "मला नाही जायचं. बाबांना सांगतो, कोट झाला नाही, यंदा राहू दे. तू फक्त... फक्त जाऊ नकोस म्हण. एकदाच."

किती सोपं होतं! तोंडातून दोन शब्द. संध्याकाळी पायऱ्या, पुस्तक, त्याचा खांदा, सगळं जागच्या जागी राहिलं असतं.

पण मी रोज सकाळी हात जोडून काय मागत होते? त्याची निवड होऊ दे, एवढंच. एकही दिवस चुकवला नव्हता. देवाने ऐकलं होतं. आता त्याच्याच दारात जाऊन दिलेलं परत घे म्हणायचं... कोणत्या तोंडाने?

"कोट दे," मी म्हटलं.

त्याने दिला. मी शिवण उसवली, दुमड सोडली, इस्त्री फिरवली, बारीक टाके घालायला बसले. समोर तो उकिडवा बसला होता. माझ्या बोटांकडे बघत.

"टेलरबाई, इतके बारीक टाके? सावकाश घाल ना..."

"बस चुकेल तुझी."

"तुला माहितीये ना, मला तू..."

"माहितीये." दोरा तोडला. "मलाही. घाल आता."

त्याने कोट घातला, कोपर वाकवलं. बाही बरोबर मनगटावर थांबली. माझा हात तिथेच राहिला, हवा त्याहून जरा जास्त वेळ. मग बाहेरून त्याच्या बाबांची हाक आली... आणि तो गेला.

आई परतली तेव्हा मी खाली पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचत होते. तिने ते उसवलेले दोरे पाहिले, वहीतलं माप पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाही नीट केलीस?"

"केली."

"आणि गेला तो?"

मी मान डोलावली.

आईने बटणांची पुडी बाजूला ठेवली, दुकानाचं दार लोटलं आणि माझ्याशेजारी खाली बसली.

"मग आता रड, बाळा."