मास्तरांच्या खुर्चीला दिलेला सूर

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा हट्ट नाही. मी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं, ऐकीव गोष्टी मी सहसा पुढे सांगत नाही. पण ही माझ्या थोरल्या मावशीच्या बाबतीत घडली, आणि मावशीने आयुष्यात कशाला तिखटमीठ लावलं नाही.

साल १९५४. मार्गशीर्षातला एक शनिवार. दिवेलागणीची वेळ.

ठिकाण, कल्याण पूर्वेच्या रेल्वे कॉलनीतला एक जुना हॉल.

त्या हॉलमध्ये संध्याकाळी बँडचा वर्ग चाले. रेल्वेतल्या कामगारांची मुलं तिथे पितळी वाद्यं शिकायची. शिकवणारे चौघे. गोपीनाथकाका, वयस्कर, मांडीवर घेऊन वाजवायचा तो जाडा बाजा, युफोनियम, शिकवायचे. विठ्ठलवाडीचा काळुराम लांब नळीचा ट्रॉम्बोन. कॉर्नेट, म्हणजे बिगुलासारखा तीन कळांचा आखूड बाजा, शिकवायला हरिहर मास्तर, साताऱ्याकडचे, पलटणीच्या बँडमध्ये वाजवून आलेले. आणि पियानोवर माझी कलामावशी. एक गोरा साहेब देश सोडताना तो पियानो तिथेच टाकून गेला होता. मावशी दिवसा मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायची. पियानो ती कॉलेजात असताना, नन्सच्या वसतिगृहात शिकली होती.

वर्षातून एकदा चौघे शिक्षक मिळून वाजवायचे. त्या दिवशी विद्यार्थी खाली बसायचे आणि गुरुजी मंचावर. चुकलं तर पोरं वर्षभर चिडवायची, म्हणून चौघेही जीव तोडून तालीम करायचे.

त्या तालमींतच काहीतरी जुळलं होतं.

हरिहर मास्तर तिला 'सायन्सबाई' म्हणायचे.

"सायन्सबाई, सकाळी माझ्या बाज्याचा सूर उतरतो. संध्याकाळी चढतो. त्याला काय दुखणं आहे?"

"दुखणं नाही. पितळ थंड असलं की आतली हवा थंड असते, सूर उतरतो. तुमच्या श्वासाने हवा तापली की सूर चढतो."

"म्हणजे ऊब लागते त्याला. माणसासारखंच की!"

गोपीनाथकाका मग मुद्दाम खाकरायचे. "चला, वाजवा आता. ऊब नंतर."

आश्विनात एकदा तालीम संपल्यावर मास्तरांनी हॉलच्या पायरीवर तिला सरळच विचारलं. लग्न करशील का म्हणून.

मावशी तिशीला टेकलेली. मास्तरांचे वडील लग्नाच्या वरातींत बाजा वाजवायचे. माझ्या आजोबांच्या घरात असा जावई कुणी स्वप्नातही आणला नसता. तरी तिचं उत्तर त्याच क्षणी ठरलं होतं. 'हो' म्हणायचं. फक्त आधी वडिलांना सांगायचं धैर्य गोळा करायचं होतं.

ती म्हणाली, "कार्यक्रम होऊ दे. झाला की सांगते."

मास्तर हसले. "सावकाश. ऐकल्याशिवाय मी कुठे जात नाही."

कार्तिकात त्यांना न्यूमोनिया झाला.

मावशी एकदाच भेटायला गेली, गोपीनाथकाकांना सोबत घेऊन. एकटी गेली असती तर कॉलनीत बोभाटा झाला असता. मास्तर खाटेवर बसून होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा. बोलवत नव्हतं. ते नुसते तिच्याकडे बघत राहिले.

ते काय विचारत होते ते तिला कळलं. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

पण उशाशी त्यांची आई बसलेली, शेवंतीबाई. दारात काका.

मावशी म्हणाली, "बरे व्हा. मग बोलू."

तिसऱ्या दिवशी निरोप आला. शेवटी श्वास पुरला नाही म्हणे.

कार्यक्रम रद्द करावा असं मावशीचं म्हणणं होतं. काकांनी ऐकलं नाही. "ही रचना त्यांनीच बांधली. तिघं वाजवू. कॉर्नेटची जागा आली की मोकळी सोडू. शेवटी तो एकटा वाजतो ना, तिथे तुझा पियानो एकटा वाजेल. तीच श्रद्धांजली."

त्या संध्याकाळी हॉल भरला. मंचावर पियानोशेजारी नेहमीसारख्या तीन खुर्च्या मांडल्या होत्या. तिसरीवर मास्तरांचा कॉर्नेट आडवा ठेवलेला. त्याच्या तोंडाशी काकांनी झेंडूचा हार घातला होता. पहिल्या ओळीत शेवंतीबाई बसल्या होत्या. पदर ओढून, खाली मान घालून.

सुरुवातीला सूर जुळवायचे असतात. चौघांची एक रीत होती. मावशी पियानोवर एक पट्टी दाबून धरायची. आधी काका त्याला सूर मिळवायचे. मग ती तीच पट्टी पुन्हा दाबायची, काळुरामसाठी. मग तिसऱ्यांदा, मास्तरांसाठी. ज्याचा त्याचा सूर जुळला की पट्टीवरून हात उचलायचा. तोवर नाही.

काकांचा सूर जुळला. तिने हात उचलला.

काळुरामचा जुळला. उचलला.

आणि मग…

तिचं बोट आपोआप पुन्हा त्या पट्टीवर गेलं.

सवयीने. इतक्या तालमींची सवय. तिसरा सूर हॉलभर पसरला, तेव्हा तिला कळलं आपण काय केलं. रिकाम्या खुर्चीला सूर दिला.

काकांनी चमकून पाहिलं. लोकांना वाटलं, हीसुद्धा श्रद्धांजलीच. कुणीतरी डोळे पुसले.

ती हात उचलणार…

इतक्यात सूर आला.

बारीक. खूप लांबून आल्यासारखा. आणि उतरलेला… रात्रभर थंडीत पडलेल्या बाज्यातून येतो तसा.

मावशीने खुर्चीकडे पाहिलं. कॉर्नेट होता तसाच आडवा होता. जवळ कुणी नव्हतं.

सूर हळूहळू चढू लागला.

पाव हिश्श्याने… अर्ध्याने… पियानोच्या सुराला येऊन भिडला. आणि चिकटला.

मावशीच्या अंगावर काटा आला तो आवाजाने नाही. सूर का चढतो हे तिला ठाऊक होतं. नळीतली हवा तापत होती. म्हणजे आत श्वास जात होता. ऊबदार, जिवंत माणसाचा श्वास.

कुणाचा?

तिच्या बाजूला गोपीनाथकाका खोकले.

तिने हात उचलला. दुसरं काही सुचलं नाही. काकांनी मान हलवून इशारा केला आणि वादन सुरू झालं.

काकांना काही ऐकू आलेलं दिसत नव्हतं. खाली बसलेली पोरंही शांत होती. पण कॉर्नेटची जागा आली… आणि ती मोकळी राहिली नाही.

मास्तरच वाजवत होते. यात शंकाच नव्हती. एका ठिकाणी ते नेहमी किंचित रेंगाळायचे, काका दर तालमीला ओरडायचे. तिथेच ते रेंगाळले.

हाराच्या पाकळ्या हलत होत्या. हॉलमध्ये वारा नव्हता. फक्त बाज्याच्या तोंडासमोरच्या पाकळ्या.

मावशी म्हणाली, त्या वेळी मला भीती वाटली नाही गं. मला आनंद झाला. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पट्ट्या दिसत नव्हत्या, तरी एक सूर चुकला नाही.

तिने खाली पाहिलं. शेवंतीबाईंनी मान वर केली होती. पदर खांद्यावर पडला होता. त्या बाईंना ऐकू येत होतं. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा त्या हसत होत्या.

आणि तेव्हाच…

काळुरामचा ट्रॉम्बोन फुसकला.

तो पुन्हा फुंकू लागला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठरल्या. आवाज नाही. नुसतं पितळ.

"बाय…" तो पुटपुटला. "छातीन वाराच नाय."

मावशीलाही जाणवलं. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं. श्वास आत घ्यायचा, तो अर्ध्या वाटेवर संपायचा. पियानोला श्वास लागत नाही, म्हणून तिचे हात चालत होते एवढंच.

काकांचा बाजाही बारीक होत गेला… आणि बंद पडला.

कॉर्नेट मात्र भरून वाजत होता. जितका इकडचा आवाज खाली, तितका तो वर.

मेलेल्या माणसाला श्वास नसतो. वाजवायला तर श्वास हवा. तो कुठूनतरी यायलाच हवा.

तिने काकांकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. बाजा मांडीवरून घसरला होता. म्हातारा दोन्ही हातांनी छाती धरून बसला होता, आणि खाली पोरांना वाटत होतं, काकांना रडू आवरत नाही.

शेवटचा भाग आला. कॉर्नेटने एकट्याने वाजवायचा. लांबलचक, एका पानाचा.

मावशीने पियानो थांबवला. वाटलं, साथ तुटली की ते थांबतील.

ते थांबले नाहीत.

काकांची मान एका बाजूला कलली.

तिला कळलं. कार्यक्रम झाला की सांगते, असं तीच म्हणाली होती. ते कार्यक्रम पुरा करत होते. पुरा केल्याशिवाय, ऐकल्याशिवाय जाणार नव्हते. आणि काकांच्या छातीत एक पान पुरेल एवढा श्वास उरला नव्हता.

उत्तर आत्ताच द्यायला हवं होतं.

जे उत्तर घेऊन ती आश्विनापासून फिरत होती, ते ओठांवर आलं. एकच अक्षर. त्यासाठीच तर ते आले होते. पण 'हो' ऐकल्यावर कुठला माणूस निघून जातो?

ती खुर्चीकडे वळली. अगदी हळू बोलली. तालमीत पान उलटायला सांगायची, तेवढ्याच आवाजात.

"हरिहर, माझं उत्तर नाही आहे. मला तुमच्याशी लग्न करायचं नव्हतं."

सूर मध्येच तुटला.

संपला नाही… तुटला. बोलता बोलता कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.

मग एक बारीक आवाज. टक्. कॉर्नेटची दाबलेली कळ आपोआप वर आली होती.

गोपीनाथकाकांनी केवढा तरी मोठा श्वास घेतला. खोकत, ठसकत, पण घेतला. पोरं मंचाकडे धावली. कुणी पाणी आणलं, कुणी पंखा. काका बोलू लागल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "माझ्यामुळे विचका झाला गं कला."

गर्दी पांगली. शेवंतीबाई मंचाच्या कडेला आल्या.

"पोरी, त्यो का गं थांबला?"

मावशीने पियानोचं झाकण लावलं.

"चांगला वाजवत हुता की. मला वाटलं, आता फुडं बी वाजवंल." त्यांनी खुर्चीवरच्या बाज्याकडे पाहिलं. "कुनी काय बोललं का त्याला?"

मावशीने त्यांना जवळ घेतलं. दोघी रडल्या. पण काय झालं ते तिने त्या माउलीला कधीच सांगितलं नाही.

मागे काळुराम आवराआवर करत होता. त्याने मास्तरांचा कॉर्नेट उचलला आणि हात पोळल्यासारखा पुन्हा खाली ठेवला.

"बाय, गरम हाय यो."

वाजवून झालं की बाज्यात श्वासाचं पाणी साठतं. ते काढायला खाली एक छोटी कळ असते. काळुरामने ती दाबली. थेंब टपटप फरशीवर पडले. बराच वेळ पडत राहिले.

मावशीने लग्न केलं नाही. त्यानंतर तिने बँडचा वर्ग सोडला. काका पुढे पुष्कळ वर्षं जगले. डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका असेल. असेलही. लोकांची छाती दाटते, थंड बाजा दिव्याच्या धगीने तापू शकतो, दुःखात माणसाला आवाज ऐकू येतात. एकेका गोष्टीचं कारण मी देऊ शकते. सगळ्यांचं मिळून एक कारण मला अजून सापडलेलं नाही.

हे सगळं तिने मला म्हातारपणी सांगितलं, डोंबिवलीला माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा. सांगून झाल्यावर तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग विचारलं,

"त्यांनी ते खरं मानलं असेल का गं?"

मला तिची दया आली. इतकी वर्षं ते एक खोटं उराशी घेऊन बसलेली बाई. धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "नाही गं मावशी. त्यांनी तुला ओळखलं होतं. नसेलच मानलं."

मला वाटलं, तिला बरं वाटेल.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझा हात घट्ट धरला, आणि दाराकडे बघत राहिली.

"मग ते गेलेच नाहीत…" ती म्हणाली. "थांबलेत अजून."