आठ पिना, चार ठिपके

"माझ्या केबलनं कार्यक्रम बुडवला म्हणे! वाचा तुम्हीच," असं म्हणत ब्राह्मी मगदूमने मोबाइल क्षमा टिकेकरांच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच.

क्षमाताईंनी वाचलं आणि मोबाइल हरीकडे सरकवला. हरी मोहिते फौजेत वीस वर्षं गाड्या हाकून आलेला माणूस. आता सांगलीत क्षमाताईंच्या गुप्तहेर कचेरीत त्यांची गाडी चालवत होता आणि जमेल तितका तपासही करत होता. त्याने मजकूर मोठ्याने वाचला, "'दसऱ्याच्या कार्यक्रमात आमची गिटार भर गाण्यात बंद पडली. ब्राह्मीच्या पॅचकेबल कुणीही घेऊ नका. अनीश.' पॅचकेबल म्हंजे काय गं पोरी?"

"गिटारवाल्यांच्या पायाशी एक फळी असते, काका. तिच्यावर आवाज बदलणाऱ्या डब्या, म्हणजे पेडल. एका पेडलमधून दुसऱ्यात आवाज नेणारी वीतभर वायर म्हणजे पॅचकेबल."

"आन् तेवढ्यासाठी गुप्तहेर?"

"साताऱ्याच्या मदन सरांनी त्यांच्या गिटारच्या वर्गासाठी माझ्याकडे चाळीस केबल सांगितल्यात. कुपवाडला शेड घेतल्यापासूनचं माझं पहिलं मोठं काम. आता ते म्हणतात, आज चारपर्यंत खरं कारण सांग, नाहीतर नको. अनीश कार्यक्रमासाठी तिथेच गेलाय आणि माझा फोन उचलत नाही. उद्यापासून माझ्या केबलला कोण हात लावेल?"

क्षमाताईंनी विचारलं, "तुम्ही पाठवण्याआधी तपासता?"

"एकेक. मीटरवर पास झाली की एका टोकाच्या रबरी टोपीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देते. एकाच टोकाला. अनीशला चार दिल्या, चारही तपासून."

"हरीभाऊ, गाडी काढा."

हरीने उसासा टाकला. बॉनेटवरचा कालचा झेंडूचा हार अजून उतरवायचा राहिला होता.

साताऱ्यापर्यंत ब्राह्मी केबल कशी निवडायची, हेच सांगत होती. आतल्या तारेभोवती जाळीचं वेष्टण नीट हवं, नाहीतर घुर्र आवाज येतो. लांबी कमीत कमी हवी. दोन्ही टोकांची पिन काटकोनात वळलेली हवी, म्हणजे पेडल जवळजवळ बसतात. उंब्रजजवळ हरीचा धीर सुटला. "पोरी, मी घरात बल्ब निवडायला एवढा वेळ घेतला न्हाई!"

अनीश साताऱ्यात आत्याकडे, रंगुबाईंकडे उतरला होता. बरोबर बँडमधला कीबोर्डवाला राजस होता. दोघं सांगलीचेच. ब्राह्मीला बघून अनीशने तोंड फिरवलं.

"आठवडाभर केबल निवडत होतो मी," तो म्हणाला. "राजस सांगत होता बाहेरच्या देशातल्या घे. मी म्हणालो, आपल्याकडची मुलगी हाताने बनवते, तिच्याच घेऊ. भोगतोय आता."

"सांगलीत वाजवून पाहिल्या होत्या?" क्षमाताईंनी विचारलं.

"चार दिवस. एकदम स्वच्छ आवाज. नवमीला सकाळी इथे आलो. फळी पुसायला केबल काढल्या आणि ताटात ठेवल्या. दसऱ्याच्या संध्याकाळी स्टेजवर सगळी खरखर."

"मधल्या वेळात कुणी हात लावला?"

"राजसने परत जोडल्या तेवढंच. दुसऱ्या कुणीही नाही."

"आधी तपासणी का केली नाही?"

"स्पीकर आधीच स्टेजवर गेला होता, आणि तिथे पाहुण्यांची भाषणं संपेचनात! आम्हाला दोन मिनिटं मिळाली."

हरीला राजसचा संशय आला. त्याने त्याला बाजूला घेतलं. "खरं सांग गड्या. तुला त्या परदेशी केबल हव्या हुत्या. म्हणून ह्या बिघडवल्यास का न्हाई?"

"काका, बंद पडलेल्या गिटारशेजारी मीपण उभा होतो. लोक हसत होते ते मलाही!" राजस चिडला. "उलट दसऱ्याला सकाळी मीच सगळ्या जोडल्या. आठही पिनांवर लाल खूण होती. म्हटलं, सगळ्या पास आहेत."

"स्टेजवर काय केलंत?" मागून आलेल्या क्षमाताईंनी विचारलं.

"वायर हलवून बघितली, काही फरक नाही. पिन भोकात गोल फिरवली की आवाज यायचा. मिनिटभराने परत खरखर."

"नवमीला सराव केलात?"

"आत्यांनी करू दिला नाही. म्हणाल्या, आज वाद्याला हात लावायचा नसतो."

हरी कपाळाला हात लावून ओट्यावर बसला. वायर हलली काय, पिन फिरली काय! अडीच वाजून गेले होते.

रंगुबाई चहा घेऊन आल्या. मागे खोलीत शिलाई मशीन दिसत होतं, त्याच्यावरही सुकलेला झेंडू. हरीने सरळच विचारलं, "आत्याबाई, ह्या पोराच्या वायरीला तुमी हात लावला का?"

"हात?" रंगुबाई उसळल्या. "आवं, खंडेनवमीला कुनी हात लावतंय व्हय? मी तर पोरास्नी बी लावू दिला न्हाई. इळ्याला न्हाई, खुरप्याला न्हाई, मशीनला न्हाई!"

"झालं," हरी म्हणाला. "कुनीच हात लावला न्हाई. भूत आलं आन् वायरी चाटून गेलं."

क्षमाताई मात्र हसल्या. "हरीभाऊ, आपण दोघांनी चुकीचा प्रश्न विचारला. अनीश, एक पेडल आण. आत्या, थोडा कापूस आणि काडी मिळेल?"

सगळे ओट्यावर जमले. क्षमाताईंनी काडीला कापूस गुंडाळला.

"केबल दोन प्रकारे दगा देते," त्या म्हणाल्या. "आतला जोड सुटला, तर वायर हलवली की आवाज येतो-जातो. तो दोष बनवणारीचा. पण वायर हलवून काही झालं नाही. पिन फिरवली की आवाज यायचा. म्हणजे जोड धड होता. पिनेच्या बाहेरच्या बाजूला काहीतरी चिकटलं होतं. पिन फिरली की ते घासलं जायचं, धातूला धातू लागायचा."

"काय चिकटलं हुतं?" हरीने विचारलं.

"आता हिशेब करा. ब्राह्मी एका केबलला किती ठिपके देते?"

"एक."

"केबल किती?"

"चार... म्हंजे ठिपके चार." हरी थांबला. "आन् ह्या राजसनं मोजले आठ!"

"शाब्बास. चार ठिपके ब्राह्मीचे. उरलेल्या पिनांवरची लाल खूण कुणाची? राजस, तू पाहिलेली खूण रबरी टोपीवर होती की धातूवर?"

राजस आठवू लागला. "धातूवर. टोकाला. टोपीकडे मी बघितलंच नाही."

"म्हणजे ब्राह्मीचे ठिपके तू पाहिलेच नाहीस. आठही खुणा दुसऱ्याच कुणीतरी दिलेल्या." क्षमाताई रंगुबाईंकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "आत्या, हात लावला का, असं विचारणार नाही. नवमीला तुम्ही कशाकशाची पूजा केलीत?"

"सगळ्याचीच की! इळा, खुरपं, मशीन. पोराची गिटार. आन् ताटात त्या बारक्या वायरी हुत्या, त्यास्नी बी हळदीकुंकू वाहिलं. कोरडं ऱ्हाईना, गळून पडत हुतं, म्हणून पाण्यात कालवून बोटानं लावलं. दोन्ही टोकास्नी, एक बी सोडलं न्हाई."

क्षमाताईंनी कापूस पेडलच्या भोकात घालून फिरवला आणि बाहेर काढला. तो लालभडक झाला होता.

"ओलं कुंकू धातूवर वाळलं की त्याचा थर बसतो," त्या म्हणाल्या. "त्यातून आवाज धड जात नाही. आणि आत्या खोटं बोलल्या नाहीत. खंडेनवमीला हत्यार वापरणं म्हणजे हात लावणं. पूजेला कुणी हात लावणं म्हणत नाही."

"मग मी इचारलं तवाच सांगायचं की हो, आत्याबाई!" हरी वैतागून म्हणाला.

"तुमी पूजेचं कुटं इचारलं?" रंगुबाई त्याच्यावरच डाफरल्या.

ब्राह्मीने आठही पिना आणि पेडलची भोकं स्पिरिटने पुसली. अनीशने केबल जोडल्या, स्टेजवरून परत आणलेला छोटा स्पीकर लावला आणि तार छेडली. ओटाभर गोड, स्वच्छ सूर पसरला. तिने डोळे मिटून घेतले.

साडेतीन झाले होते. अनीशने मोबाइल घेतला आणि पुटपुटत लिहिलं, "थोडा गैरसमज झाला होता. केबल ठीक आहेत."

"एवढंच?" ब्राह्मी म्हणाली. "घेऊ नका म्हणताना माझं नाव घातलंस. आणि आता नुसता गैरसमज? मदन सर हे मानतील? तिनेच दबाव आणून लिहून घेतलं, असं म्हणतील."

अनीशने चोरून आत्याकडे पाहिलं. कार्यक्रमाला आत्याची सगळी गल्ली आली होती. त्याचं बोट स्क्रीनवर अडलं. हरीला त्या पोराची दया आली आणि रागही.

रंगुबाईंनी पदराला हात पुसले. "काय लिवायचं अडलंय रं?"

"कारण लिहायचंय, आत्या. पण मग तुझं..."

"पोरीचं नाव घालून लिवलंस का न्हाई? मग माझं बी घाल. कुंकू रंगुबाईनं लावलं म्हणून लिव. आन् ते बघायची अक्कल आमास्नी नव्हती, ह्ये बी लिव. तुमी दोघांनी."

राजसने मान खाली घातली. अनीश लिहू लागला.

"आडनाव बी घाल," रंगुबाई म्हणाल्या. "गल्लीत रंगुबाई तिघी हायत."

चारला पाच मिनिटं कमी असताना ब्राह्मीचा फोन वाजला. पडद्यावर मदन सरांचं नाव होतं. तिने फोन कानाला लावला, ऐकलं, "हो सर," म्हणाली आणि मग रंगुबाईंकडे बघून म्हणाली, "चाळीसच्या चाळीस. सोमवारपर्यंत."