शेवटचं पोर्ट

१९८९च्या उन्हाळ्यात बोरगावजवळच्या एका सूतगिरणीत संगणक नवाच आला होता. तो नलिनीच्या ताब्यात होता. ती सौसरहून बसनं यायची. नवरा, अनिल, वारल्यापासून ती कामात खंड पडू देत नव्हती. डबा उघडून जेवायची, कोणी हसलं की हसायची. चव मात्र कशाचीच लागत नव्हती.

संगणकाचं मशीन हळू चालायला लागलं, तेव्हा मॅनेजर यशवंतरावांनी वापरात नसलेली पोर्टं बंद करायला सांगितलं. गोदाम, वजनकाटा, हिशेबाची खोली, सगळीकडच्या वायरी मशीनच्या पाठीत एकेका पोर्टात खोचलेल्या होत्या. नलिनीनं छोटीशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली: प्रत्येक पोर्टावर ओळीनं ठोकायचं, पलीकडून उत्तर आलं तर 'उघडं' म्हणून दाखवायचं.

शेवटचं पोर्टही उघडं निघालं. त्याला वायरच नव्हती.

तिनं इलेक्ट्रिशियन सुखदेवला बोलावलं. त्यानं मागं वाकून पोर्टाच्या तोंडाशी बोट धरलं.

"मॅडम, हवा येऊन राहिली."

"पंख्याची असेल, भाऊ."

सुखदेवनं मशीन बंद केलं. पंखा थांबला. हवा थांबली नाही. नलिनीनं तळवा धरला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि ही हवा गार होती. ती येत होती, मग आत जात होती. सावकाश.

"झाकून टाका," ती म्हणाली.

त्यानं पत्र्याची पट्टी स्क्रूनं आवळली आणि तिच्याकडे न बघता निघून गेला.

तिनं मशीन सुरू करून स्क्रिप्ट पुन्हा चालवली. शेवटचं पोर्ट बंद.

तेवढ्यात पट्टीवर आतून टकटक झाली. मग शेजारच्या पोर्टावर. मग त्याच्या शेजारच्या. ओळीनं.

मग शांत झालं.

नलिनीनं मशीन बंद केलं, खोलीला कुलूप घातलं आणि बस धरली. भीतीसुद्धा वाटली नाही.

घरी दिवसभर सासूबाई एकट्याच असायच्या. त्यांनी दार उघडलं.

"दुपारपासून कोणी ठोकून राह्यलं होतं. पहिले पुढचं दार, मंग मागचं, मंग एकेक खिडकी. पाह्यलं तं कोणी नाही."

"मग?"

"मंग थांबलं. न्हाणीची खिडकी उघडीच राहून गेली होती."

नलिनीनं प्यायला पाणी मागितलं.

"हळू बोल बाई," सासूबाई म्हणाल्या, "आत्ताच झोपलं थे."

कोण, म्हणून नलिनीनं विचारलं नाही. चपला तिनं आवाज न करता भिंतीशी ठेवल्या.