शिळेतला विराम

प्रयोगशाळेच्या मधोमध काळी शिळा पट्ट्यांनी बांधून ठेवली होती. तिच्याभोवती विरामदर्शक यंत्राचं कडं हळूहळू फिरत होतं. डॉ. सुगंधा तळकर खुर्चीवर बसत होती, लगेच उठत होती.

शिळेसोबत निर्मळेश्वर मंदिराचे विश्वस्त दाजीसाहेब आले होते. सुगंधाचे सहकारी डॉ. इनामदार त्यांना समजावत होते, "छिन्नीचा प्रत्येक घाव दगडाच्या स्फटिकांत ताण सोडतो. घाव लागोपाठ बसले तर ताण एकमेकांत मिसळतात. कारागीर थांबला तर मिसळत नाहीत. अक्षरं डोळ्यांनाही दिसतात. हे यंत्र अक्षरांमधला थांबा दाखवतं."

"आणि आमचा सगळा वाद थांब्याचाच आहे," सुगंधा म्हणाली.

शिळेवर देवाची आज्ञा म्हणून सलग अक्षरं कोरली होती: 'तळकरांसीआतयेऊद्यावेनअडवावे'. पुजारी वाचत आले, 'येऊ द्यावे न, अडवावे'. एवढ्यावर तळकरांच्या कित्येक पिढ्या दाराबाहेर राहिल्या. सुगंधाची आई पायरीवरूनच हात जोडत राहिली आणि तशीच वारली.

"शिळा म्हणेल ते मान्य," दाजीसाहेब म्हणाले.

पडद्यावर निळी रेघ तुटली ती 'न'च्या आधी. येऊ द्यावे, न अडवावे.

त्याच आठवड्यात दार उघडलं. सुगंधाचे वडील, आप्पा, गाभाऱ्यापर्यंत गेले आणि खांबाला मिठी मारून रडले.

सुगंधाला मात्र चैन पडेना. शिळेवर दुसरी ओळ होती, नदीपलीकडच्या पैलकरांविषयी. शब्द तेच. पण पैलकरांसाठी ती ओळ नेहमी 'आत येऊ द्यावे' अशीच वाचली गेली होती. यंत्राने तीही वाचली. इथे थांबा 'न'च्या नंतर होता: येऊ द्यावे न, अडवावे.

"ही ओळ अहवालात नको," ती म्हणाली.

"सुगंधा, दगड तोच, यंत्र तेच," इनामदार म्हणाले. "एक विराम खरा, दुसरा खोटा, असं कसं सांगायचं?"

 दुसऱ्या ओळीसकट अहवाल मंदिराकडे गेला. ती तडक गावी निघाली.

मंदिराच्या पायरीवर पैलकरांची भिकूबाई नारळ घेऊन उभी होती. दारात आडवा हात होता. दाजीसाहेबांचा नव्हे, आप्पांचा.

"आप्पा, हात काढा."

"मी कुठं अडवतोय? शिळा अडवतेय. तूच वाचलंस ना?"

"त्या आजवर आत जात होत्या."

"चुकीच्या वाचनानं जात होत्या. आपण चुकीच्या वाचनानं बाहेर होतो." आप्पांचा आवाज खाली आला. "पोरी, ही ओळ खोटी म्हणालीस, तर आपलीही खोटी ठरेल. दार पुन्हा लागेल."

"आई बाहेर उभी राहायची तेव्हा शिळेवर खरंच तसं कोरलेलं असतं, तर ते बरोबर झालं असतं का?"

आप्पांचा हात खाली आला नाही.

भिकूबाई नारळ पदरात घेऊन पायऱ्या उतरली आणि खालच्या दगडावर बसली. सुगंधाही खाली आली, तिच्या शेजारी टेकली.

"तुम्ही जा की आत, बाई," भिकूबाई म्हणाली. "तुमचं तर लिहिलंय."

"लिहिलंय म्हणून नाही जायचं मला," सुगंधा म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.