पाव डॉलरचा वेंडेल

ऑर्फा लुंडीनने गॅरेज सेलवर, म्हणजे लोक घरातल्या जुन्या वस्तू गॅरेजात मांडून विकतात त्यावर, दोन पुस्तकं लिहिली होती. इलिनॉयमधल्या गेल्सबर्ग गावात ज्यांनी ती वाचली नव्हती त्यांनाही ती पाठ होती, कारण चर्चच्या पायरीवर, दातांच्या डॉक्टरकडे, जिथे माणूस पळून जाऊ शकत नाही अशा कुठल्याही ठिकाणी ऑर्फा ती ऐकवायची. पुस्तकं कसली, दुसऱ्याच्या अंगणात स्वस्तात हात मारायच्या युक्त्या. सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन धडकावं. हव्या त्या वस्तूकडे बघू नये, शेजारची उचलावी. मग हळूच हवी ती घेऊन तिला नावं ठेवावीत, इतकी की ती आजवर घरात ठेवल्याची मालकाला लाज वाटावी. आणि भाव एकदा ठरला की दोघांनीही मागे फिरायचं नाही. हा शेवटचा नियम पहिल्या पुस्तकात पान एक्केचाळीसवर जाड ठशात छापलेला होता.

लोक ही पुस्तकं घेत आणि वर्षभरात आपल्याच सेलमध्ये मांडून ठेवत, एक डॉलरला. ऑर्फाच्या नजरेला पडली की ती अर्ध्या डॉलरला मागायची.

तिसऱ्या पुस्तकासाठी ती दर शनिवारी पहाटेपासून गावभर फिरत होती आणि पिकअप चालवायला वेंडेल होता. वेंडेल म्हणजे तिचा नवरा. अडतीस वर्षं रेल्वे यार्डात डबे जोडण्यात गेली, एक कान तिथेच राहिला, आणि आता तो पिकअपमध्ये बसून वाट बघायचा. ऑर्फाच्या लेखी तो पिकअपचाच एक भाग होता. त्यातला कमी उपयोगाचा.

जून चौऱ्याण्णवमधल्या त्या शनिवारी त्यांना विटांच्या एका जुन्या रस्त्यावर पुठ्ठ्याची पाटी दिसली. नुसता बाण. वर्तमानपत्रात या सेलची जाहिरात नव्हती. रस्ता रुळांपाशी संपत होता आणि शेवटचं घर पांढऱ्या फळ्यांचं, रंग उडालेलं. त्याचं गॅरेज पश्चिमेला उघडत होतं, त्यामुळे आत सावली होती आणि गारवा होता. घडीच्या चार टेबलांवर वस्तू मांडलेल्या. ऑर्फाने दारातूनच नाक मुरडलं. नुसता पुरुषांचा पसारा. दाढीचे मग, चष्मे, डबे, टोप्या, कवळी ठेवलेला एक पेला.

खुर्चीवर एक उंच बाई बसली होती. सुतार खिळे ठेवायला बांधतात तसला खिशांचा एप्रन तिने कमरेला बांधला होता आणि त्या खिशांत सुटी नाणी होती.

"आठला उघडतो आम्ही," बाई म्हणाली.

"मग घड्याळ पुढे करा," ऑर्फा म्हणाली आणि आत शिरली.

तिने तपकिरी बुटांची एक जोडी उचलली. बुटात हात घालून तळ चाचपणं ही तिची सवय. तळ ऊबदार होता. तिने दुसरा बूट पाहिला. तोही. आत्ताच कुणीतरी काढून ठेवावेत तसे. तिने एक थर्मास उघडला, तर आतून कॉफीची वाफ आली.

"उष्टं विकता की काय!" ऑर्फाने झाकण आपटलं. "हे काय दुकान आहे? नवरा मेला वाटतं तुमचा?"

"नाही हो," बाई शांतपणे म्हणाली. "माझा नव्हता कुणीच." मग तिने हनुवटीने बाहेर खूण केली. पिकअपची काच खाली होती आणि वेंडेल कोपर बाहेर काढून बसला होता. "तो केवढ्याला?"

इलिनॉयमधला हा सर्वांत शिळा विनोद. प्रत्येक सेलमध्ये कुणीतरी कुणाच्या तरी नवऱ्याकडे बोट दाखवून तो करतंच, आणि प्रत्येक बायको हसून तेच उत्तर देते. ऑर्फानेही दिलं.

"काय द्याल ते द्या."

"वीस डॉलर."

इथे हसून विषय संपवायचा होता. पण जित्याची खोड! कुणी भाव बोललं की आपण घेणारे की देणारे हे ऑर्फाच्या डोक्यात शिरतच नसे. जीभ आपोआप सुटायची.

"वीस? अहो, एका कानाने ठार बहिरा आहे."

"दहा."

"घोरतो. मालगाडी परवडली. आणि तोंड उघडलं तर रुळांशिवाय दुसरा विषय नाही."

"पाच."

"एक खिळा ठोकायला तीन आठवडे लावतो. चाळीस वर्षांत मला कुठे नेलं असेल तर त्याच्या आईच्या मयताला!"

"एक."

"पोट बघितलंत का? पाव डॉलरला न्या, वर टोपी फुकट."

"ठरलं," बाई म्हणाली. तिने एप्रनमधून नाणं काढून ऑर्फाच्या तळहातावर ठेवलं. ती हसली मात्र नाही. किमतीच्या गोल नारिंगी चिठ्ठीवर तिने पंचवीस सेंटचा आकडा लिहिला, पिकअपपाशी जाऊन ती वेंडेलच्या खिशावर चिकटवली आणि अंगठ्याने नीट दाबली.

परतताना वेंडेलने खिशावरच्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

"केवढ्याला ठरलं?" त्याने विचारलं.

"ऐकलंस ना."

"एका कानाने," तो म्हणाला.

संध्याकाळी ऑर्फाने लायटरच्या तेलाने ती चिठ्ठी साफ काढली. रविवारी चर्चला जाताना ती त्याच्या धुतलेल्या शर्टावर त्याच जागी होती. "पुरे कर थट्टा," ती म्हणाली. "मी नाही लावली," तो म्हणाला, आणि वेंडेलला खोटं बोलण्याइतकी अक्कल नाही हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी त्याचं घोरणं थांबलेलं तिच्या लक्षात आलं. सकाळी त्याची उशी फुगलेली, कोरी असायची. मंगळवारी तो जेवायच्या टेबलापाशी उभाच राहिला, ती बस म्हणेपर्यंत. दारामागचे त्याचे बूट दिसेनासे झाले. पेले कुठे असतात, असं त्याने विचारलं, पेल्यांचं कपाट त्याने स्वतः बनवलेलं असूनही. बुधवारी आपली बशी विसळून त्याने वेगळी ठेवली आणि म्हणाला, "तुम्हाला उगाच त्रास. शनिवारपर्यंतच आहे मी."

"तुम्ही?" ऑर्फा ओरडली. "वेंडेल, मी आहे! अरे, तुम्ही काय?"

तो अदबीने हसला. पाहुणे हसतात तसा.

ऑर्फा घाबरली. चाळीस वर्षं जे घरात आहे म्हणून तिने कधी पाहिलंच नव्हतं, ते जाणार होतं, आणि ते जायला नको होतं. इतकं साधं होतं ते. गुरुवारी ती एकटीच त्या घरी गेली.

बाई टेबलापाशी बसून चिठ्ठ्यांवर आकडे लिहीत होती. वेंडेलचे बूट तिच्यासमोरच होते. ऑर्फाने पाव डॉलर पुढे केला.

"पान एक्केचाळीस," बाई मान वर न करता म्हणाली.

"शंभर देते. पाचशे!"

"ज्याला तुम्हीच पाव डॉलरवर आणलंत त्याला? लोक हसतील मला." बाईने पेन ठेवलं. "बरं, त्याचं एक चांगलं सांगा. एकच. मग त्यावर भाव बोलू."

ऑर्फाने तोंड उघडलं. तेवढ्यात रुळांवरून कोळशाची मालगाडी जाऊ लागली. गाडी लांब होती, आणि वेळ मिळाला म्हणून ऑर्फाला बरं वाटलं. एकेक वाघीण धडधडत गेली. टेबलांवरचे दाढीचे मग किणकिणले. मग गाडी संपली.

"तो..." ऑर्फा म्हणाली. "तो कुणाच्या अध्यात नाही ना मध्यात."

"हे तर या टेबलाबद्दलही म्हणता येईल," बाई म्हणाली आणि पुन्हा आकडे लिहू लागली.

शुक्रवारभर ऑर्फा वही घेऊन बसली. दोन पुस्तकं लिहिलेल्या बाईला एक ओळ सुचेना. सुचायचे ते दोषच, आणि तेही नीट वाक्यांत. संध्याकाळी कधीतरी तिला आठवलं. हिवाळ्यात दर सकाळी वेंडेल तिच्याआधी बाहेर जायचा, पिकअपमध्ये तिच्या जागेवर बसून राहायचा, आणि ती आली की उठून आपल्या जागेवर सरकायचा. सीट गार लागू नये म्हणून. एकदाही बोलला नव्हता. ऑर्फा वहीवर डोकं टेकून रडली.

शनिवारी ती सहालाच निघाली. वेंडेल घरात नव्हताच.

त्या रस्त्यावर सात-आठ गाड्या आधीच उभ्या होत्या. तिच्यापेक्षा लवकर. गॅरेजमध्ये वेंडेल खुर्चीवर बसला होता, दाढी केलेला, केस विंचरलेले.

"आठवलं मला!" ऑर्फा गर्दीतून घुसत म्हणाली. "हिवाळ्यात तो माझी सीट ऊबदार करून ठेवायचा. रोज. चाळीस वर्षं."

बाईने हातातलं काम थांबवलं. "हे खरंच चांगलं आहे हो," ती म्हणाली. "पण आत्ताच विकला गेला तो."

एक ठेंगणी, गुबगुबीत बाई आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर गोधडी पसरत होती, काचसामान न्यायचं असलं की पसरतात तशी. मग आत येऊन तिने वेंडेलला कोपराला धरून हळूच उठवलं, दोन हातांनी.

"वेंडेल," ऑर्फा म्हणाली.

तो थांबला. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं, ओळख लागते का म्हणून.

"काही हवं होतं का, बाई?" त्याने विचारलं.

गुबगुबीत बाईने त्याला गोधडीवर बसवलं. गाडी विटांवरून सावकाश गेली.

उंच बाईने रिकामी खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावरून फडकं फिरवलं.

"बसा ना," ती म्हणाली. "उभ्या का?"

ऑर्फा गुडघ्यांवर हात टेकून बसली.

गर्दीतलं कुणीतरी तिच्या मागे येऊन उभं राहिलं. शेजारच्या टेबलावरचा एक दिवा उचलून त्याने उगाच न्याहाळला आणि परत ठेवला. मग एक आवाज खालच्या पट्टीत, कंटाळल्यासारखा म्हणाला, "गुडघे गेलेत वाटतं हिचे."