रंगराव कधी सुटणार?

आमच्या रंगरावाला अटक झाली तेव्हा द्राक्षाच्या मण्यांत नुकतं पाणी उतरून गोडी भरू लागली होती. म्हणजे नेमके पोपटांच्या चंगळीचे दिवस!

रंगराव म्हणजे मी बनवलेलं बुजगावणं. अंगात पप्पांचा जुना शर्ट, पोटात मोटर. समोर काही हललं की दोन्ही हात उडवून असा नाचायचा की पोपटच काय, पाहुणेसुद्धा दचकत. त्याला पकडलं पाटलानं. पाटील हा यंत्रमानव. डोंगरापलीकडच्या रेडिओ दुर्बिणीला त्रास देणारी यंत्रं तो गावोगाव फिरून हुडकतो. त्याचा रुबाब बघून गावानंच त्याला पाटील करून टाकलं.

"केतकी औटी, तुमच्या बुजगावण्याची मोटर ठिणग्या टाकते. ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात. दुर्बिणीचा सिग्नल थरथरतोय. संशयित ताब्यात," असं म्हणून त्यानं रंगरावाला काखोटीला मारलं.

मी धावत मालूआत्याकडे गेले. ती पप्पांची आत्या, म्हणून सगळ्या घराचीच आत्या, आणि त्या दुर्बिणीवरची शास्त्रज्ञ. तिच्या खोलीत पडद्यावर दुर्बिणीच्या सिग्नलची रेघ वर-खाली उड्या मारत होती. कोपऱ्यातल्या जाळीच्या कपाटात रंगराव उभा, मोटर बंद, कुलूप लावलेलं; बाहेर पाटील पहाऱ्यावर.

"आत्या, रंगराव तर इथे आहे. मग आता रेघ कोण हलवतंय?"

आत्यानं पडद्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. "पाटील, पोरीनं तुलाच पकडलं की रे!"

"त्याचे साथीदार असतील," पाटील म्हणाला. "नियम चौदावा. थरथर थांबेपर्यंत संशयित सुटत नाही."

"आत्या, सोडायला सांग ना त्याला!"

"कसं सांगू बाई? नियम मीच लिहिलाय."

मला रडूच आलं. वर्षभर जपलेली बाग पोपट फस्त करणार! आत्या मला गच्चीवर घेऊन गेली. सूर्य नुकताच मावळला होता. डोंगरावर शुक्र दिसत होता आणि त्याच्या वरच्या बाजूला एक तारा.

"दोघांत फरक काय?"

"शुक्र शांत आहे. तारा लुकलुकतोय," मी नाक पुसत म्हणाले.

"तारा इतका लांब, की तो नुसता ठिपका. हवा हलली की ठिपक्याचा सगळा उजेड हलतो. शुक्र जवळ, म्हणून त्याची छोटीशी चकती असते. चकतीचा एक भाग अंधुक झाला की दुसरा उजळतो, आणि एकूण उजेड सारखाच राहतो."

"पण माझ्या रंगरावाचं काय?"

"ऐक तर! फार दूर एक प्रचंड तारा कोसळला आणि गॅमा किरणांचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या, सर्वांत जोरकस किरणांचा) स्फोट झाला. तो झगमगाट काही सेकंदांत संपला. पण ताऱ्यातून निघालेला झोत भोवतालच्या वायूवर आदळला, आणि तो वायू अजून धगधगतोय. ही उत्तरदीप्ती (स्फोटानंतर मागे राहिलेली धग). तिच्या रेडिओ लहरी उशिरा दिसू लागतात, पण महिनोन्‌महिने टिकतात. वाटेत आपल्या आकाशगंगेतला विरळ वायू त्यांना हलवतो, हवा ताऱ्याचा उजेड हलवते तसंच. म्हणून तर माझी रेघ थरथरतेय. आणि तो धगधगता गोळा सारखा फुगतोय."

मी रडायची थांबले. "फुगतोय? म्हणजे ठिपक्याची चकती झाली की..."

"बोल, बोल!"

"लुकलुकणं थांबेल! आणि रंगराव सुटेल!"

"आणि ते कधी थांबलं, यावरून गोळा केवढा झाला ते मला काढता येईल," आत्या म्हणाली. तिचेही डोळे चमकत होते. "इतक्या लांबच्या गोळ्याचा आकार थेट दिसणं फार अवघड गं."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की मी थाळी आणि उलथनं घेऊन बागेत. थाळी बडवून हात दुखले, पोपटांवर ओरडून घसा बसला. तरी दोन ओळी त्यांनी खाल्ल्याच. येणारा-जाणारा बांधावरून विचारायचा, "काय केतकी, फुगला का गोळा?" आई घरातूनच ओरडायची, "फुगतोय, फुगतोय!" आणि खरंच, पडद्यावरच्या रेघेच्या उड्या लहान लहान होत चालल्या होत्या.

तोडणीला दोन दिवस राहिले आणि रेघ शांत झाली.

पाटील रंगरावाला खांद्यावर घेऊन बागेत आला. त्याला जागेवर रोवलं, बटण दाबलं आणि म्हणाला, "थरथर थांबली. संशयित निर्दोष. दिलगीर आहे, रंगराव." एवढं बोलून तो वाकला मात्र, रंगरावानं दोन्ही हात उडवले आणि पाटलाच्या डोक्यावर सणसणीत टपली दिली! पप्पा हसता हसता खाली बसले.

"तुझा गोळा आपल्या सूर्यमालेहून कितीतरी मोठा निघाला," माझ्या हातचा पहिला घड घेत आत्या म्हणाली. "आणि तो फुगला अब्जावधी वर्षांपूर्वी. बातमी आत्ता पोचली."

पाटलाचं एक म्हणणं मात्र खरं होतं, मोटर ठिणग्या टाकायचीच. म्हणून मी ती पत्र्याच्या डब्यात नीट बंद केली, म्हणजे लहरी बाहेर पडायच्या नाहीत. आता रेघ पुन्हा थरथरली, तर रंगरावाकडे कुणी बोट दाखवणार नाही. मी आत्याच्या शेजारी बसेन आणि त्या वेळी नवा गोळा केवढा झाला, ते माझं मीच काढेन.