तळ्यासाठी वर झालेले हात

"हलू नका!" मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"हलता आलं असतं तर इथे बसले असते का?" ती फणकारली. व्हीलचेअरचं पुढचं चाक तळ्याकाठच्या चिखलात रुतलं होतं आणि ती चांगलीच वैतागली होती.

"तसं नाही हो... तुमच्या पायापाशी, त्या गवतात... खंड्या पक्षी बसलाय."

तिने श्वास रोखून हळूच वाकून पाहिलं. मग हसू दाबत म्हणाली, "अहो, ती निळी बाटली आहे!"

तो पुढे आला. उंच, डोळ्यांवर चष्मा, गळ्यात दुर्बीण, केसांत लाकडाचा भुसा, कान लालबुंद. सुतारकामाचं वर्कशॉप उघडण्याआधी तो रोज इथे पक्षी बघायला यायचा. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. त्याच्याकडे एकदा निरखून पाहत तिने निदान करूनही टाकलं.

"तुमचा नंबर चुकलाय."

"मग बरोबर नंबर तुम्ही द्या की," तो म्हणून गेला. आपण काय बोललो ते लक्षात आल्यावर मात्र त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. घाईने खाली वाकून त्याने रुतलेलं चाक सोडवलं.

तो नवा चष्मा करायला आला. मग चष्मा सैल होतो म्हणून आला. मग घट्ट होतो म्हणून... दुकानात सगळ्यांना कळलं होतं, दुखणं काही चष्म्याचं नव्हतं.

लहानपणी घरचे सगळे तळ्यावर उतरायचे आणि ती गाडीच्या काचेतून बघायची, हे तिने सहज बोलता बोलता सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो मोजपट्टी घेऊन हजर.

"काठापर्यंत फळ्यांची वाट करतोय. आमच्या पक्षीमित्र मंडळाने होकार दिलाय. चढ किती चालेल? वळण किती रुंद हवं? तुम्हीच सांगा, मला काय कळतंय त्यातलं!"

आजवर सगळे तिच्यासाठी परस्पर ठरवत आले होते. हा विचारत होता.

वाट झाली त्या सकाळी ती स्वतःच चाकं फिरवत पार पाण्यापर्यंत गेली. तो मागून हात खिशात घालून चालत राहिला; एकदाही खुर्चीला हात लावला नाही. समोर पाणकोंबडी पिल्लं घेऊन निघाली होती. तिचे डोळे भरून आले... आणि त्याने शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

सगळं असं छान चाललं असताना बातमी आली. नगरपालिका तळ्याकाठची जमीन इमारतींसाठी विकणार होती. आधी लोकांची सभा होणार, हात वर करून कौल घेणार. पक्षीमित्रांच्या प्रमुख बाई तिच्याकडे आल्या.

"तूच बोल गं. तुला खुर्चीत बघून दगडालाही पाझर फुटेल! आपल्या सुतारानेच तुझं नाव सुचवलं."

तिच्या काळजात चर्र झालं. म्हणजे ती फळ्यांची वाट, ते विचारणं... सगळं यासाठी? ती तळ्यावर जायची बंद झाली. शेवटी आठवड्याने तोच दुकानात आला.

"मला बघून दगडाला पाझर फुटेल म्हणे! माझी कीव बाजारात मांडायला वाट बांधलीत होय?"

तो पांढराफटक पडला. "मी एवढंच म्हणालो, की तळ्यावर आमच्या नजरेतून सुटतं ते हिला दिसतं, हिला बोलू द्या. पाझराचं बाईंनी पदरचं घातलं." मग घुटमळत म्हणाला, "नाही बोललात तरी चालेल."

"आणि तळं गेलं तर?"

"रडेन. पण तुमचा मान घालवून नको मला ते."

तिच्या मनावरचा धोंडा उतरला. पण तो गेल्यावर तिने ठरवलं, बोलायचंच. स्वतःसाठी.

सभेत ती म्हणाली, "मला पाझर नकोय, मला तळं हवंय. कुणी न ढकलता मी जाऊ शकते अशी ती एकच जागा आहे. आता तिथे बाळांच्या गाड्या येतात, काठी टेकत आजोबा येतात. आणि पक्षी उडून गेले नाहीत. माणसं आणि पाखरं, दोघं मावतात तिथे. पुढे तुमची मर्जी."

विक्री नको असणाऱ्यांनी हात वर करा, असं अध्यक्षांनी सांगितलं. मग एक हात वर झाला, मग चार, मग हातांचं रानच उभं राहिलं. तिच्या आईने तर दोन्ही हात वर केले. "आजी, माणशी एकच!" अध्यक्ष ओरडले आणि सभागृह हसण्यात बुडालं. जमिनीची विक्री रद्द झाली.

बाहेर उतारावर तो कठड्याला टेकून खाली बसला. "सभाभर उभाच होतो मी."

"बसा, बसा. मी तर केव्हाची बसलेय!"

तो हसला. मग हसू विरलं. "एक सांगू?"

"तळ्याबद्दल असेल तर उद्या."

"तळ्याबद्दल नाही. तू... मला फार आवडतेस."

तिने खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "आठवडाभर रडले रे मी तुझ्यापायी."

"मला माहीत नव्हतं—"

"आता कळलं ना? मग पुढचा आठवडा हसव." तिने हात पुढे केला. त्याने तो असा धरला, की जणू सोडायचं कसं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं.

गाडीपाशी उभ्या असलेल्या आईने हाक मारली, "येतेस ना गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"आम्ही दोघं येतोय, आई!"